जळगावहून खंबातच्या आखातापर्यंत : गरम पाण्याचे झरे, पक्षी आणि ओहोटी (थंडीतल्या प्रवासाबद्दल सल्ला हवा)

तापीकाठचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला सलग सात दिवसांची रजा मिळाली आहे, आणि बारा वर्षांच्या नोकरीत असे पहिल्यांदाच घडत असल्यामुळे ती लग्नकार्यात आणि बँकेच्या कामांत वाया घालवायची नाही, असे घरात एकमताने ठरले आहे. एकमत मात्र तेवढ्यापुरतेच आहे. आईला (वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात) गरम पाण्याच्या झऱ्यावर स्नान करायचे आहे. मुलीने सहावीच्या परीक्षेत भरती-ओहोटीवर पाचपैकी पाच गुण मिळवले असले, तरी तिने समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. मला पक्षी आणि प्राणी पाहायचे आहेत. पत्नीच्या दोन अटी आहेत : एका दिवसात २०० किलोमीटरपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर राहायचे नाही.

मी कच्चा आराखडा असा केला आहे : जळगाव, अडावदजवळचे उनपदेवचे गरम झरे, मग धुळे–नवापूरमार्गे गुजरातेतील उनाईचे झरे, तिथून हजिरा, हजिऱ्याहून गाडीसह बोटीने घोघा, पुढे वेळावदरचे काळवीट उद्यान, आणि शेवटी जामनगरजवळचे सागरी राष्ट्रीय उद्यान. एवढे सात दिवसांत बसेल का? की गुजरातऐवजी सरळ कोकणात उतरावे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चक्रवाक

सर्वप्रथम आराखड्याबद्दल अभिनंदन, कारण झरे, अभयारण्य आणि किनारा या तिन्ही गोष्टी एका दोरीत ओवण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. वेळावदरबद्दल मी खात्रीने सांगू शकतो. १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालेला हा जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचा गवताळ माळ आहे. लोक तिथे काळविटांसाठी जातात, आणि ते दिसतातच. परंतु तुम्ही पक्ष्यांसाठी जात असाल तर संध्याकाळची फेरी चुकवू नका. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास शेकड्यांनी त्या माळावर उतरतात आणि झाडावर न बसता गवतातच जमिनीवर रात्र काढतात. आधी एखाद-दुसरा दिसतो, मग पाहता पाहता आकाशात सगळीकडे तेच तरंगत असतात, आणि गवतावरून इतके खाली येतात की पंखांखालचा रंग दुर्बिणीशिवाय कळतो. दिवसा ते आसपासच्या शेतांवर टोळ आणि नाकतोडे टिपत हिंडतात, त्यामुळे आपल्यासारख्या कापूसवाल्यांनी तर त्यांना पाहुण्याचाच मान द्यायला हवा.

उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते, म्हणजे तुमच्या तारखांना अडचण नाही. डिसेंबरच्या शेवटी गर्दी असते, तेव्हा प्रवेशपत्र आधीच काढून ठेवा.

फटकळ_फैजपूर

मला एक कळत नाही. तिबेट-लडाखकडून चक्रवाक हिमालय ओलांडून हतनूरच्या जलाशयावर येतात, थापट्या येतात, तलवार बदके येतात, आणि जळगावचा माणूस पक्षी पाहायला निघतो कुठे, तर सौराष्ट्रात! इतक्या लांबून पाहुणे दारात आले असताना यजमानाने गाडी काढून परगावी जावे, याला काय म्हणायचे? उनपदेव अडावदला, जंगल पालला, पक्षी हतनूरला. यावल अभयारण्य १९६९ पासून आपल्या उशाशी आहे. डिझेल वाचवा आणि त्या पैशांत भरीत खा.

तापीकाठचा_प्रवासी

फटकळभाऊ, हतनूरला आम्ही दरवर्षी जातोच. परंतु मुलीला समुद्र दाखवायचा असेल, तर तो हतनूरला आणता येत नाही.

फटकळ_फैजपूर

हे मात्र मान्य. तेवढीच एक उणीव आहे खान्देशात.

भूगोलाचे_मास्तर

समुद्र हतनूरला आणता येत नसला, तरी हतनूरचे पाणी समुद्राला जातेच, आणि माझी सूचना त्याच धाग्याला धरून आहे. आपण आराखड्यात तापी कुठेच लिहिलेली नाही, पण आपला जवळजवळ सगळा मार्ग तापीचाच आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावलेली ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेच्या खाली खंबातच्या आखाताला मिळते, आणि आपण ज्या हजिऱ्याहून बोटीत चढणार आहात तो तिच्या मुखाशीच उजव्या तीरावर आहे. तेव्हा मुलीला प्रवासाच्या आदल्या रविवारी चांगदेवला घेऊन जा. तिथे पूर्णा तापीला मिळते आणि खाली हतनूरचे धरण आहे. पुढच्या आठवड्यात तीच नदी समुद्राला मिळताना तिने पाहिली, म्हणजे पाचपैकी पाच गुणांना काही अर्थ येईल.

दुसरी गोष्ट रस्त्याबद्दल. उनपदेव पाहून पुन्हा धुळ्याला उतरण्याची काही गरज नाही. अडावद हे जुन्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरच आहे. त्याच रस्त्याने चोपडा, शिरपूर, शहादा असे सातपुड्याच्या पायथ्याने जावे, प्रकाशाला गोमाई आणि तापी यांचा संगम पाहावा आणि नदी ओलांडून नंदुरबारला मुक्काम करावा. उजव्या हाताला पूर्ण दिवस डोंगर सोबत राहतो. आपल्या सौभाग्यवतींची २०० किलोमीटरची अट त्यात जेमतेम पाळली जाते.

कोंडाईबारी

मास्तरांचा आदर राखून सांगतो की, नकाशात तो रस्ता जितका सुंदर दिसतो तितका गाडीखाली लागत नाही. मी पंधरा वर्षे नवापूरहून मालाची ने-आण करतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ (आपला जुना सहा नंबर) हा हजिऱ्याहून निघून सुरत, नवापूर, धुळे, जळगाव असाच येतो, म्हणजे तुमच्या घरापासून बोटीपर्यंत एकच रस्ता आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर डिसेंबरात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात, आणि ट्रॉलीला मागचा दिवा असणे हा आपल्याकडे अजूनही मालकाच्या हौसेचा भाग आहे. दोन वर्षांपूर्वी पहाटेच्या धुक्यात अशाच एका ट्रॉलीच्या मागून बाहेर आलेल्या उसांनी माझ्या गाडीची काच गेली. मी ताशी वीसच्या वेगात होतो म्हणून आज हे लिहितो आहे.

वहिनींची अंधाराची अट सोन्याची आहे. तिला पहाटेचे धुकेही जोडा : सकाळी आठच्या आधी निघू नका.

भूगोलाचे_मास्तर

ट्रॉलीबद्दल आपले म्हणणे खरे आहे आणि मी ते विसरलो होतो. तरीही दिवसाउजेडी, आठनंतर निघून, उत्तरेच्या रस्त्यानेच जावे असे माझे मत कायम आहे. महामार्गाने माणूस पोहोचतो लवकर, पण वाटेत त्याला काही दिसत नाही.

सुरतेची_माहेरवाशीण

माझे माहेर शिंदखेड्याचे आणि सासर सुरतेत उधन्याला, त्यामुळे दोन्ही टोकांची माहिती देऊ शकते. (उधना-लिंबायत भागात एवढे खान्देशी लोक आहेत की भाजी घेताना मला गुजराती बोलावे लागत नाही.)

डुमसचा किनारा मुलीला पहिला समुद्र म्हणून दाखवू नका. वाळू काळी, पाणी गाळाचे, आणि सुटीत पाय ठेवायला जागा नसते. तिची निराशा होईल. हजिरा–घोघा बोट मात्र जरूर घ्या. ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने आखाताला वळसा घालून जायचे तर सुमारे ३७० किलोमीटर पडतात, तेच अंतर समुद्रातून ९० किलोमीटरच्या आसपास आहे आणि प्रवास साधारण चार तासांचा होतो. गाडी बोटीच्या पोटात ठेवून तुम्ही वर बसता. म्हणजे वहिनींच्या २०० किलोमीटरांतून हे अंतर वजा! गाडीचे आरक्षण आठ-दहा दिवस आधी करा आणि वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

उनाईबद्दल : तो रस्ता व्याऱ्याहून दक्षिणेला फुटतो. देवीचे मंदिर, गरम पाण्याची कुंडे, बाजूने बिलीमोरा–वाघई ही अरुंद रुळांची छोटी गाडी. सुटीच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा आईंना घेऊन सकाळीच जा. जवळच वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे; साग आणि बांबूचे, जेमतेम २४ चौरस किलोमीटरचे, पण शांत.

शेवंता_सावदा

उनपदेव आणि उनाई ही दोन्ही नावे एकाच कुळातली वाटतात, नाही का? शिवाय माझ्या आजीने सांगितलेली उनपदेवची कथा अशी की, शरभंग ऋषींना त्वचेचा रोग होता, आणि रामाने बाण मारून त्यांच्यासाठी जमिनीतून गरम पाणी काढले. मागच्या वर्षी मी उनाईला गेले, तर तिथल्या पुजाऱ्यांनी हीच कथा, हेच ऋषी आणि हाच बाण सांगितला. आता ऋषी एक आणि बाण दोन, की बाण एक आणि गावे दोन, हे जाणकारांनी सांगावे.

कोंडाईबारी

त्यात आणखी एक भर घाला. शहादा तालुक्यातही एक उनपदेव आहे आणि तिथेही गरम पाणी आहे. नकाशाच्या ॲपवर नुसते "उनपदेव" असे टाकून निघालेले चोपड्याचे एक कुटुंब मला शहाद्याच्या पुढे रस्ता विचारताना भेटले होते. ते घरापासून शंभर किलोमीटर लांब आले होते आणि त्यांचे उनपदेव घराच्या मागे राहिले होते. तेव्हा धागाकर्त्यांनी "अडावद" हा शब्द घालून शोधावे.

भूगोलाचे_मास्तर

शेवंताताईंनी फार चांगला प्रश्न विचारला आहे. नावांचे मूळ "ऊन", म्हणजे उष्ण, या एकाच शब्दात असावे असे मला वाटते. कोकणात तर गरम झऱ्याला "उन्हाळे" असेच म्हणतात.

पाणी गरम का होते, तेही सांगतो, कारण खाली ज्वालामुखी आहे असा समज सगळीकडे आढळतो. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे; तो केव्हाच थंड झाला. झऱ्याचे पाणी म्हणजे पावसाचेच पाणी. ते खडकांतील भेगांमधून खूप खोल उतरते, आणि जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढत असल्यामुळे तिथे तापते. पुढे एखादी मोठी भेग सापडली की दाबामुळे ते वेगाने वर येते आणि वाटेत निवायला त्याला वेळ मिळत नाही. नर्मदा आणि तापी यांची खोरी कवचातील मोठ्या, जुन्या भेगांना समांतर आहेत, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याला असे झरे आढळतात. त्याच कारणाने या नद्या गोदावरी-कृष्णेसारख्या पूर्वेला न जाता पश्चिमेला वाहतात.

रामाचा बाण आणि भूकवचातील भेग यांत मला विरोध दिसत नाही. दोन्हींचा आकार लांब आणि टोकदारच आहे.

डॉक्टर_अमळनेर

मातोश्रींसाठी थोडे. गरम पाण्याने सांध्यांना तात्पुरता आराम मिळतो, ते खरे आहे. परंतु रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास कुंडात गळ्यापर्यंत बसू नये. पाय गुडघ्यापर्यंत सोडून दहा मिनिटे बसणे पुरे. उठताना चक्कर येते, तेव्हा कोणीतरी हात धरावा. मधुमेह असल्यास पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासावे, कारण तळपायाची संवेदना कमी झालेली असते आणि भाजलेले कळत नाही. मी दर थंडीत असे एक-दोन रुग्ण पाहतो. आणि कृपया कुंडात साबण वापरू नका.

हर्णैकर

कोकणाचा विषय निघालाच आहे, तर आमचीही बाजू ऐकावी. झरे म्हणाल तर उन्हवरे, तुरळ, राजवाडी आहेत. अभयारण्य म्हणाल तर मुरूडजवळ फणसाड, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. सागरी जीव म्हणाल तर मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि समुद्र निळा आहे, खंबातसारखा चहाच्या रंगाचा नाही. शिवाय जेवण!

चक्रवाक

हर्णैकर, जेवणाबद्दल वाद नाही. परंतु जळगावहून मालवण म्हणजे आधी सह्याद्रीपर्यंत एक दिवस, मग घाट उतरण्यात एक दिवस. २०० किलोमीटरच्या अटीत त्यांची रजा मालवणचे पाणी दिसण्याआधी अर्धी संपेल.

हर्णैकर

ती अट घालणाऱ्या वहिनींशी एकदा बोलायला हवे. असो. गुजरातला जाणारच असाल तर किनाऱ्यावरच्या माणसाचा एक सल्ला घ्या : तारखा ठरवण्याआधी पंचांग उघडा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच खूप मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड ओसरतही नाही. ओहोटीत उघडे पडणारे जीव पाहायचे असतील, तर अष्टमीला जाऊन उपयोग नाही. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि एकाच दिवशी भावनगरची व जामनगरची वेळ वेगळी असते. मी स्वतः समुद्रावर वाढलेला असूनही एकदा भावनगरकडे मुंबईच्या भरतीचा तक्ता घेऊन गेलो आणि निष्कलंक महादेवाला दुरूनच हात जोडून परतलो, कारण मंदिराच्या जागी फक्त पाणी आणि एक झेंडा दिसत होता.

तापीकाठचा_प्रवासी

हर्णैकर, हे निष्कलंक महादेव काय प्रकरण आहे?

हर्णैकर

भावनगरजवळ कोळियाक गाव आहे. तिथे समुद्रात, किनाऱ्यापासून बऱ्याच आत, एका खडकाळ ओट्यावर पाच शिवलिंगे आहेत. पांडवांनी स्थापल्याचे सांगतात. भरतीत सगळे पाण्याखाली जाते, ओहोटी लागली की समुद्रतळावरून चालत जायचे. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे असल्यामुळे आत शिरणारे पाणी निमुळत्या जागेत कोंडते आणि वर चढते. भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दहा मीटरच्या घरात जातो. आमच्या हर्णैला तो याच्या निम्माही नसतो. मुलीला भरती-ओहोटीच दाखवायची असेल, तर भारतात याहून चांगली जागा मला माहीत नाही. हे मी कोकणी माणूस कबूल करतो आहे, याची नोंद घ्यावी.

चक्रवाक

आता जामनगरबद्दल, आणि इथे मी थोडा नाउमेद करणार आहे. कच्छच्या आखातातील ते सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचे आणि देशातले पहिले. नरारा या ठिकाणी ओहोटीत वाटाड्यासोबत प्रवाळांवरून चालता येते. गुडघाभर पाण्यात खेकडे, समुद्रफुले, नशीब असेल तर अष्टपाद आणि फुगणारा मासा दिसतो. जामनगरजवळचे खिजडिया पक्षी अभयारण्यही (२०२२ साली जाहीर झालेले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असेच विलक्षण आहे. तिथल्या जुन्या बांधाच्या एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारे, त्यामुळे एकाच जागी उभे राहून मान वळवली की दोन निरनिराळ्या जगांतले पक्षी दिसतात.

परंतु भावनगर ते जामनगर अडीचशे किलोमीटरांहून जास्त आहे. म्हणजे अट मोडणार किंवा एक दिवस वाढणार, आणि परतीलाही तेच. सात दिवसांत तुम्ही ते बसवाल, पण मग वेळावदरला संध्याकाळ मिळणार नाही, उनाईला सकाळ मिळणार नाही, आणि जामनगरला पोहोचाल तेव्हा ओहोटी रात्री दोन वाजता असेल. माझे स्पष्ट मत आहे की जामनगर या वेळी सोडा.

फटकळ_फैजपूर

चला, आराखड्याचे शेवटचे टोक गेले. असेच सुरू राहिले तर धागा संपेपर्यंत सहल हतनूरवर येईल.

सुरतेची_माहेरवाशीण

मी चक्रवाक यांच्याशी असहमत आहे. माणूस एवढ्या लांब पुन्हा कधी जातो? आम्ही तीन वर्षांपूर्वी नराऱ्याला गेलो होतो आणि माझ्या मुलाने वाटाड्याच्या तळहातावर पाणी पिऊन फुगलेला मासा पाहिला, ते तो अजून सांगतो. "पुढच्या वेळी" म्हणून सोडलेल्या जागा सोडलेल्याच राहतात.

चक्रवाक

ताई, आपला अनुभव मी नाकारत नाही. पण फुगलेल्या माशाबद्दल सांगायलाच हवे : तो मासा घाबरला की फुगतो. दिवसभरात पन्नास कुटुंबांसाठी त्याला पन्नास वेळा घाबरवले जात असेल तर ते पाहणे मला नको वाटते. प्रवाळांना तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीच संरक्षण आहे; तुटलेला तुकडाही उचलून आणू नये. वाटाड्याला आधीच सांगावे की, आम्हाला जीव पाण्यातच पाहायचे आहेत.

सुरतेची_माहेरवाशीण

हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते. मुलाला आज हे वाचून दाखवते.

शेवंता_सावदा

जेवणाचे काय ठरले? गुजरातेतले जेवण उत्तम असते, पण चौथ्या दिवशी डाळीतला गूळ आपल्या माणसाला हळवे करतो. हिरवी वांगी, ठेचलेल्या मिरच्या, कांद्याची पात आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ सोबत असू द्यावे. आमच्या सासऱ्यांचे म्हणणे आहे की, भाऊ, कोठेबी जाय, वांगा लई जाजो. वांगी टिकतात, फक्त गाडीत ती सामानाखाली दाबू नका.

कोंडाईबारी

+१. आणि परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. बोटीवर आणि किनाऱ्यावर मीठ लागते. पत्रा कुजायला दोन पावसाळे पुरतात.

चक्रवाक

आणखी एक सूचना इतर वाचकांसाठी. कोणी जानेवारीत जाणार असेल तर १४ जानेवारीच्या आसपास गुजरात टाळावे. उत्तरायणात पतंगांच्या मांजाने पक्षी फार जखमी होतात, आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्यालाही तो तितकाच धोकादायक असतो.

तापीकाठचा_प्रवासी

सर्वांचे आभार. पंचांग पाहून रजा दोन दिवस पुढे सरकवून घेतली आहे. जामनगर रद्द केले. मुलीने नाराजी व्यक्त केली आहे, तिला निष्कलंक महादेवाबद्दल सांगून समजावतो आहे. परतल्यावर लिहीन.

तापीकाठचा_प्रवासी

परत आलो. लिहायला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

मास्तरांच्या सांगण्यावरून आदल्या रविवारी चांगदेवला जाऊन आलो, आणि मुलीने संगमावरून पाण्याच्या बाटलीत तापी भरून घेतली. तिच्या मनात काय होते ते मला तेव्हा कळले नाही. उनपदेवला सकाळी नऊला पोहोचलो. थंडीमुळे कुंडावर वाफ दिसत होती. गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली बसायचा आईचा हट्ट होता, परंतु डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद मी तिला आधीच वाचून दाखवला असल्यामुळे ती पाय सोडून बसली आणि दहा मिनिटांचे पंचवीस मिनिटे झाले. उत्तरेच्या रस्त्याने गेलो. मास्तर आणि कोंडाईबारी दोघेही बरोबर होते : डोंगर सुंदर होता आणि दिवा नसलेल्या सात ट्रॉल्या मी मोजल्या. प्रकाशाला संगमावर उतरलो, मुलीने बाटली उन्हात धरून पाण्याचा रंग ताडून पाहिला. उनाईला पाणी आईच्या मते "जरा जास्तच कढत" होते आणि कथा मात्र शब्दाशब्दांत तीच होती, तेव्हा शेवंताताईंच्या प्रश्नाला तिने उत्तर दिले की, राम दोन्हीकडे गेला असेल, त्याला कोणी २०० किलोमीटरची अट घातली नव्हती.

बोट हजिऱ्याहून निघाली तेव्हा मुलगी कठड्याला धरून उभी होती. नदी कुठे संपते हे तिला नेमके पाहायचे होते, आणि ते कुठेच दिसेना, कारण मैलोगणती पाणी तपकिरीच होते. बाटलीतली तापी तिला तिथे समुद्रात ओतायची होती. बोटीतून काही टाकायला मनाई असल्याचे एका कर्मचाऱ्याने हसत हसत सांगितले आणि तिने बाटली परत पिशवीत ठेवली.

वेळावदरला संध्याकाळी चक्रवाक यांनी लिहिले तसेच घडले. शेकडो म्हणता येतील इतके भोवत्या मात्र दिसले नाहीत, आम्ही ४३ मोजले. काळविटांचा एक नर रस्त्याच्या कडेला उभा होता. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरे शुभ्र, आणि शिंगांच्या पिळांत वाळलेले गवत अडकलेले. वाटाड्याने सांगितले की, नर मुद्दाम गवतात शिंगे घुसळतात, म्हणजे ती मोठी दिसतात.

कोळियाकला आम्ही भरती असतानाच जाऊन बसलो. फक्त झेंडा दिसत होता. पाणी ओसरायला लागले आणि तासा-दीड तासात जमीन उघडी पडत गेली. लोक चालू लागले, आईने मात्र चिखल पाहून किनाऱ्यावरूनच नमस्कार केला. मुलगी मंदिराकडे गेलीच नाही. तिला चिखलात बोटाएवढे, डोळे डोक्यावर आलेले मासे पाण्याबाहेर उड्या मारताना दिसले. ते पुढच्या परांवर रेलून सरकत, थांबत, गाल फुगवत आणि आपल्या बिळात गडप होत. ती त्यांच्यापासून दोन हातांवर उकिडवी बसली आणि सव्वा तास उठली नाही.

हर्णैकर

निवट्या! आमच्याकडे खाडीत त्या ढिगाने असतात आणि आम्ही त्यांचे कालवण करतो. हे मुलीला सांगू नका.

तापीकाठचा_प्रवासी

ती हा धागा वाचते, हर्णैकर. आत्ताच वाचले तिने.

भूगोलाचे_मास्तर

बाटलीचे शेवटी काय झाले?

तापीकाठचा_प्रवासी

कोळियाकला निवट्यांच्या बिळाजवळ रिकामी केली. त्यांना गोडे पाणी चालते का, हे तिने आधी मला विचारले. मला सांगता आले नाही, म्हणून तिने बिळापासून चार पावले लांब ओतली.

फटकळ_फैजपूर

वांगी संपली का पुरली?

तापीकाठचा_प्रवासी

भावनगरला मुक्कामाच्या मागच्या अंगणात शेवटची चार भाजली. तिथल्या रखवालदाराने वास घेऊन चौकशी केली, आणि तो निघाला पारोळ्याचा. दोन वांगी त्यानेच खाल्ली.